हॅलोवीनचे जुळते घरगुती पोशाख

हॅलोवीनच्या संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला, एका कुटुंबातील सगळ्यांनी मिळून एकाच कल्पनेवर घेतलेली आणि बहुतेक घरच्याच सामानातून उभी केलेली सोंगे. मुंबईत हा प्रकार वांद्रे, पवई, अंधेरी अशा भागांत, त्यातही मोठ्या गृहसंकुलांत जास्त दिसतो. मुले मजल्यामजल्यावर बेल वाजवत चॉकलेटे गोळा करतात, आईवडील पिशव्या सांभाळत मागून चालतात आणि शेवटी क्लबहाउसमध्ये किंवा गच्चीवर एकेका घराचा फोटो निघतो. एरवी फक्त मुलांना नटवून मोकळे होणारे पालक स्वतःही सोंग घेऊ लागले, त्याचे मोठे श्रेय या फोटोलाच द्यावे लागेल.

ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. हॅलोवीन ही त्याआधीची संध्याकाळ. सुगी संपून हिवाळा लागताना पाळल्या जाणाऱ्या सावन (Samhain) या प्राचीन केल्टिक लोकांच्या सणाशी तिचा संबंध जोडला जातो. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या रात्री वेष पालटून दारोदार फिरण्याची आणि सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तसा सण तिकडे गेला आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. तिथेही पोशाख आधी घरीच बनत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेनिसन ही कागद कंपनी क्रेप कागदाचे पोशाख कसे करावेत हे सांगणाऱ्या पुस्तिका छापत असे. तयार पोशाखांचा धंदा १९३० च्या दशकापासून वाढला.

मुंबईत या सणाची गाठ पडते दिवाळीशी. २०१६ मध्ये ३१ ऑक्टोबरला पाडवा होता, तर २०२४ मध्ये नरक चतुर्दशी. अशा वर्षी पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी तोंडाला राख, असा योग जुळून येतो. सणासुदीला काळे नेसू नये, हे अनेक मराठी घरांत अजून पाळले जाते. त्यामुळे त्या वर्षी काळ्या कपड्यांची कल्पना आजीपुढे मांडण्याआधी दोनदा विचार करावा. बाकी दिवाळी या कामाला मदतच करते. कंदिलाचा उरलेला घोटीव कागद, जिलेटीन, बांबूच्या कामट्या, भांडेभर खळ, फराळाच्या डब्यांची खोकी हे सगळे घरात आयतेच असते. साफसफाईत माळ्यावरून उतरवलेले जुने पडदे आणि चादरीही असतात. विकत आणायचे झाले तर कापडाला मंगलदास मार्केट किंवा दादरचे हिंदमाता, लेस-टिकल्यांना भुलेश्वर आणि रंगीत कागदाला अब्दुल रहमान स्ट्रीट.

जुळवण्याच्या रीती दोन. एकीत सगळे सारखेच होतात : चौघेही सांगाडे किंवा चौघेही भुते. दुसरीत प्रत्येकाला वेगळी भूमिका असते आणि सगळे शेजारी उभे राहिल्यावरच चित्र पुरे होते. दुसरी रीत दिसायला सरस, पण बेभरवशाची. समजा सगळ्या घराने मिळून बसचे सोंग घेतले, तर धाकटे लेकरू ऐन वेळी झोपले की बस असते, कंडक्टर नसतो. घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर पहिलीच रीत बरी, किंवा त्या मुलाला असे काम द्यावे की त्याच्यावाचून अडणार नाही.

सर्वांत सोपा संच सांगाड्यांचा. प्रत्येकाचा जुना काळा टी-शर्ट घ्यायचा. वर्तमानपत्राचा कागद उभा दुमडून घडीवर अर्ध्याच बरगड्या काढायच्या आणि कापायच्या. उलगडला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. तोच नमुना पांढऱ्या चादरीवर ठेवून कापड कापायचे. बरगड्या चिकटपट्टीने लावण्याचा मोह होतो, पण मुंबईच्या घामात पट्टी तासाभरात सुटते आणि हाडे जिन्यात सापडतात. त्यापेक्षा लांब लांब धावदोरा घालावा. दुसऱ्या दिवशी एक टोक ओढले की टी-शर्ट पुन्हा घालायला मोकळा. मोठ्यांच्या अंगावर सात-आठ बरगड्या शोभतात, लहानाच्या अंगावर चारच पुरतात, नाहीतर नुसते पांढरेच दिसते.

चेटकिणींचा संच तर शिवणकामाशिवाय होतो, कारण मराठी घरात काळे कपडे संक्रांतीसाठी ठेवलेलेच असतात. आईची काळी साडी, मुलीचा बोरन्हाणाचा किंवा त्यानंतरचा काळा परकर, बाबांचा काळा कुर्ता, एवढे जानेवारीऐवजी ऑक्टोबरमध्ये बाहेर काढायचे. टोपीला काळ्या कार्डपेपरचा शंकू पुरतो. फक्त हलव्याचे दागिने बाहेर काढू नयेत. गेल्या संक्रांतीचा हलवा एव्हाना मुंग्यांनी शोधलेला असतो.

अस्सल मुंबईचा संच हवा असेल तर बस आणि टॅक्सी घ्यावी. १९३७ पासून धावणारी बेस्टची डबलडेकर डिझेल रूपात सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. भुतांच्या रात्री यायला ही दोन्ही वाहने आता पात्र आहेत. फ्रीजचे आख्खे खोके अंगात घातले तर लिफ्टमध्ये शिरता येत नाही आणि बसताही येत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे दोनच तुकडे करावेत, एक छातीवर, एक पाठीवर, आणि ते खांद्यांवरून रुंद नाडीने जोडावेत. लाल घोटीव कागद, काळ्या कागदाच्या खिडक्या, वर मार्गाचा क्रमांक. उंच माणूस वरचा मजला, मुले खिडकीतले प्रवासी, आजोबा खाकी सदऱ्यात कंडक्टर. पिशवी आणि टकटक वाजवायला अडकित्ता दिला की आजोबा रात्रभर तिकिटे फाडतात.

याहून मजेदार आणि अजून फारसा न वापरलेला साठा आपल्याच भुतांचा आहे. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, वाट चुकवणारा चकवा आणि या सगळ्यांना घेऊन निघणारा वेताळ : एवढ्यात चार जणांचे घर बसते. मुंज्याला पंचा आणि लंगोटीवजा धोतर पुरते. चकवा होणाऱ्याने फक्त कंदील धरून सगळ्यांना चुकीच्या मजल्यावर न्यायचे. हडळीची खुबी पायांत आहे. पुठ्ठ्याची पावले कापून, बोटे मागे आणि टाच पुढे येईल अशी ती चपलांवर बांधायची आणि साडी घोट्यापर्यंत सोडायची. चपलेची खरी पुढची बाजू काळ्या मोज्यात लपवली की संध्याकाळच्या उजेडात पाहणारा क्षणभर दचकतो. मात्र या पायांनी जिना उतरू नये.

‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप दरवर्षी येतो. सण आपला नाही, हे खरे. सोंग घेणे मात्र इथे कोणाला शिकवावे लागत नाही. बहुरूपी, कोकणातल्या शिमग्यातला उंच टोपीचा संकासुर, जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे, शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा, सगळे याच घराण्यातले. यांपैकी संकासुर आणि बोहाड्याची सोंगे देवकार्याची असल्याने ती क्लबहाउसमध्ये न आणणेच शहाणपणाचे. तोच विवेक दफनभूमीबाबत पाळावा. २ नोव्हेंबरला मुंबईतील कॅथलिक कुटुंबे आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या लावतात; त्या जागेची पार्श्वभूमी फोटोला घेणे अशोभनीय ठरते.

कापड निवडताना हवेकडे पाहावे लागते. ऑक्टोबरअखेर मुंबईत पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि हवेत दमटपणा असतो. परदेशी पोशाखांतले फर आणि रबरी मुखवटे इथे अर्धा तासही सहन होत नाहीत. सुती कापड, उघडा चेहरा आणि मुखवट्याऐवजी रंग, हे इथले व्यवहारी सूत्र. चादरीचे भूत करायचे असेल तर चादर घोट्याच्या वर कापावी. डोळ्यांची भोके चालताना सरकतात, म्हणून चादर आतून एका टोपीला टाचून घ्यावी, किंवा सरळ चेहऱ्याएवढी खिडकी कापून चेहरा पांढरा रंगवावा. रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. पोस्टर कलर चेहऱ्याला लावू नयेत.

दिवाळी लागून आली असेल तर पणत्या हा खरा धोका. जिलेटीन आणि क्रेप कागद झटकन पेट घेतात आणि वितळलेले नायलॉन त्वचेला चिकटते. दाराबाहेर पणत्यांची रांग असलेल्या मजल्यांवर लोंबत्या बाह्या आणि झगे नकोत. फिरणारी मुले येण्याआधी पणत्या उंच कठड्यावर सरकवाव्यात किंवा बॅटरीचे दिवे लावावेत. पोशाख घातलेल्या मुलांनी फटाक्यांच्या जवळही जाऊ नये.