चाकातला रिफ्लेक्टर रिमजवळच का हवा?

सायकल सर्व्हिसिंगला देताना बरेच ग्राहक सांगतात, “चाकातले रिफ्लेक्टर काढूनच टाका, उगाच खडखडतात.” काढायला सांगण्याआधी एवढं वाचा, ही विनंती.

चाक फिरतं आणि फिरता फिरता पुढेही सरकतं. त्यामुळे टायरवरच्या एखाद्या बिंदूवर नजर ठेवली, तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला तो एकापुढे एक कमानी काढत जाताना दिसतो. या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. कमानीखालचं क्षेत्रफळ किती, हे बघायला गॅलिलिओने तो आकार पत्र्यातून कापून चक्क तराजूत तोलला होता. कमानीची लांबी काढली ती 1658 मध्ये ख्रिस्तोफर रेनने, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणाऱ्या वास्तुविशारदाने. ती चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट भरते. 26 इंची चाकाचा व्यास 66 सेंमी धरा. एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.07 मीटर पुढे जाते, पण टायरमध्ये रुतलेला खडा तेवढ्यात 2.64 मीटर फिरून येतो.

आता रिफ्लेक्टर. तो टायरच्या थोडा आत असतो, म्हणून त्याची कमान जरा चपटी पडते. आसापासून 24 सेंमीवर बसवला, तर तो प्रत्येक फेऱ्यात 48 सेंमी वर-खाली होतो. सायकल ताशी 15 किमीने चालली असेल, तर हा रिफ्लेक्टर वर असताना ताशी 26 किमीने पळतो आणि खाली आला की जेमतेम 4 वर येतो. सेकंदाला साधारण दोन वेळा ही उसळी. बाजूच्या रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या दिव्यात ती झळकली, की पुढे सायकल चालली आहे हे चालकाला लगेच कळतं. तोच रिफ्लेक्टर घसरून हबपाशी, 8 सेंमीवर आला, तर उसळी 16 सेंमीच उरते. मग तो लांबून जवळपास सरळ रेषेत जाणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. सायकल ओळखू येते ती त्या उसळीमुळे, म्हणून आम्ही तो रिमजवळच आवळतो. दोन असतील तर समोरासमोर बसवतो, म्हणजे चाकाचा तोलही राहतो.

पावसाळ्यात मडगार्ड काढून सायकल चालवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. टायरचा सगळ्यात वरचा भाग रस्त्याच्या हिशेबाने सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तिथून सुटलेला चिखल थेट पाठीवर येतो. पुढच्या मडगार्डची रबरी झडपही फाटली की बदलून घ्या; ती नसेल तर चिखल पायांवर आणि चेनवर उडतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आम्ही फार आग्रही आहोत. चाक नीट फिरत असतं तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता थांबलेला असतो, म्हणून तो रस्ता धरून ठेवतो. ब्रेक करकचून दाबला आणि चाक जाम झालं, की हा भाग रस्त्यावरून घासत जातो आणि पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती अशीच. दोन्ही ब्रेक लवकर आणि हळूहळू दाबत न्या. ब्रेक एकदम धरत असेल, तर सायकल दुकानात आणा, रबर आणि केबल तपासून देऊ.

रिफ्लेक्टर खडखडत असेल तर त्याची क्लिप सैल झालेली असते. ती बदलायला दोन मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ तेवढी पुसत चला.