बोल्टच्या जॉइंटमध्ये रंग नकोच? जरा थांबा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये विचारा, एकच ऐकू येतं, "घर्षणावरचा जॉइंट आहे ना, मग मधे रंग नको, सटकेल." अर्धं खरंय, आणि त्या अर्ध्यानेच घोळ होतो. एचएसएफजी (घर्षणाने पकडणारा, जास्त ताकदीचा) बोल्ट प्लेटा घट्ट आवळून धरतो आणि लोड जातो तो त्या प्लेटांमधल्या घर्षणातून, म्हणून मधे काय आहे ते महत्त्वाचं, पण सगळे कोटिंग काही एका माळेचे मणी नाहीत. आयएस ८०० (२००७) या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडमधला तक्ताच बघा ना, ब्लास्ट केलेल्या (छर्रे मारून साफ केलेल्या) कोऱ्या प्लेटला स्लिप फॅक्टर, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.५०, रेड लेडला (शिशाच्या लाल रंगाला) जेमतेम ०.१०, पण ब्लास्ट करून इथाइल झिंक सिलिकेट (जस्ताचा रंग) ३० ते ६० मायक्रॉन मारलं तर ०.३०, आणि ॲल्युमिनियमचा स्प्रे ५० मायक्रॉनच्या वर असेल तर परत ०.५०च! उलट आपली लाडकी कोरी प्लेट काहीच न करता तशीच लावली तर ०.२०. म्हणजे रंगवलेली जिंकली की. ८.८ ग्रेडचा एम२० (२० मिमी) बोल्ट साधारण १३७ किलोन्यूटनने आवळतो, त्यावर ०.५० धरलं तर घर्षण मिळतं ६८ किलोन्यूटनच्या आसपास, ०.१० धरलं तर १४ सुद्धा नाही (सेफ्टी फॅक्टर वेगळा). गॅल्वनाइज्ड पण ०.१० मध्येच बसतं, हे मात्र कुणी बोलत नाही. आणि साधा बेअरिंगचा जॉइंट (बोल्ट भोकाच्या कडेला टेकून लोड घेतो तो) असेल तर खुशाल रंगवा, तिथे घर्षण हिशोबात धरलेलंच नसतं.