बॅगेतले संत्रे स्क्रीनवर नारिंगीच का दिसतात?

डिसेंबरात पुण्याला मावशीकडे निघालो होतो, आईने हँडबॅगेत दोन किलो संत्रे आणि स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू भरून दिले. नागपूर विमानतळावर बॅग बेल्टवरून मशीनमध्ये गेली, स्क्रीन जराशी माझ्याकडे वळलेली होती म्हणून दिसलं, संत्रे चक्क नारिंगी! मागचे काका म्हणाले, "पहा, मशीनबी ओळखते आपला संत्रा."

खरं तर तिथे सफरचंद असतं, साबण असता, तरी नारिंगीच दिसलं असतं.

एक्स-रे आरपार जातो आणि पलीकडे किती उरला तेवढंच डिटेक्टर मोजतो, म्हणजे ही एक प्रकारची सावलीच. १८९५ मध्ये एक्स-रे शोधणाऱ्या राँटजेनने बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला त्यातही हाडं आणि अंगठी गडद, मांस फिकट. वस्तू जाड किंवा घट्ट असली की जास्त किरण अडतात हे सरळच आहे, पण खरी गंमत अणुक्रमांकाची, म्हणजे अणूत प्रोटॉन किती त्या आकड्याची आहे राजेहो. कमी ऊर्जेच्या किरणांना अणुक्रमांक दुप्पट झाला की अडवणूक दुप्पट नाही, तेवढ्याच वजनाला साधारण आठपट होते! म्हणून हाडातलं कॅल्शियम, क्रमांक २०, उठून दिसतं आणि मांसातले कार्बन ६, ऑक्सिजन ८ फिकट राहतात.

जास्त ऊर्जेच्या किरणांना मात्र अणुक्रमांकाचा एवढा फरक पडत नाही, त्यामुळे विमानतळावरचं मशीन दोन्ही ऊर्जांवर मोजतं आणि दोन्ही आकडे ताडून आत कुठल्या जातीचं मटेरियल आहे याचा अंदाज लावतं. पाणी, साखर, प्लास्टिक असे हलके अणू असले की नारिंगी, धातू असला की निळा. हे रंग कॉम्प्युटरने दिलेले, किरणांना कसला रंग! माझा डबा निळा होता पण लाडू होते तिथे हिरवट, कारण स्टील आणि लाडू एकाच रेषेत आले की मशीनला दोघांची मिळून सरासरीच कळते.

सपाट सावलीची हीच अडचण, मागचं-पुढचं सगळं एकावर एक येतं. त्यावर उपाय सीटी स्कॅन, १९७१ मध्ये लंडनला पहिल्यांदा पेशंटवर केलेला, इंग्रज इंजिनिअर हाउन्सफील्डचं मशीन. चारी बाजूंनी शेकडो सावल्या घ्यायच्या आणि कुठल्या ठिकाणी किती अडलं हे गणिताने काढायचं, की आतली एकेक चकती वेगळी दिसते. आपला संत्रा त्यात ठेवला तर साल न काढता फोडी मोजता येतात, आतल्या बियासुद्धा.