डोळा लवणे: ताणाने येणारे आणि ताणाने नुसते वाढणारे

मार्चअखेर जवळ आली, की हिशेबाच्या कामात बुडालेल्या एखाद्या माणसाची खालची पापणी भर दुपारी आपोआप थरथरू लागते. समोर बसलेल्या प्रत्येकाला ती दिसत असणार, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आरशासमोर उभे राहिल्यावर पापणीच्या कडेखालची कातडी किंचित सळसळताना दिसते, एवढेच. घरी सांगितले, तर पहिला प्रश्न येतो तो ‘उजवा की डावा?’ हा, कारण पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. डॉक्टरांचा प्रश्न मात्र वेगळा असतो: नुसती पापणीच लवते, की तिच्याबरोबर गालही ओढला जातो? या एका प्रश्नावर दोन अगदी निराळ्या विकारांच्या वाटा फुटतात. सुरुवातीला ते इतके सारखे दिसतात, की दुसरा विकार असलेले अनेक जण पहिलाच समजून बराच काळ घरी बसतात.

पहिल्याला नेत्रतज्ज्ञ पापणीचा मायोकिमिया म्हणतात. डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला, पापण्या मिटणारा जो स्नायू असतो, त्याचे काही तंतू आपल्या इच्छेविना बारीक बारीक आकुंचन पावतात. बहुधा एकाच डोळ्याची, आणि त्यातही बहुतेक वेळा खालची पापणी लवते. काही सेकंद लवते, थांबते आणि तासाभराने पुन्हा सुरू होते. मानसिक ताण, अपुरी झोप, थकवा आणि चहा-कॉफीचा अतिरेक ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. ती सहसा एकटी येत नाहीत, कारण काळजीत असलेला माणूस रात्री जागतो, जागरणामुळे दिवसभर चहा पितो आणि त्या चहामुळे पुढची रात्रही जागतो. या थरथरीने डोळा मिटत नाही, नजरेला काही इजा होत नाही आणि बहुतेकांची तक्रार काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप थांबते.

दुसऱ्याचे नाव हेमिफेशियल स्पाझम, म्हणजे चेहऱ्याच्या एका अर्ध्या भागात येणारे आचके. त्याचीही सुरुवात बहुधा डोळ्याभोवतीच होते, आणि घोळ होतो तो इथेच. मात्र पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत तो खाली सरकतो. गाल ओढला जातो, ओठांचा कोपरा वर खेचला जातो, काहींच्या मानेची कातडीही ताणली जाते, आणि हे सारे एकाच बाजूला व एकाच क्षणी घडते. मूळ दोष पापणीत नसून बराच आत, मेंदूच्या देठाशी असतो. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी मज्जातंतू-जोडी जिथे मेंदूच्या देठातून बाहेर पडते, तिथे बहुतेक रुग्णांत एखादी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, तिला टेकलेली असते. त्या सततच्या दाबाने आणि ठोक्यांनी तंतूवरचे आवरण झिजते, मग संदेश एका शाखेतून दुसरीत उडी मारतात आणि पापणीसाठी निघालेली आज्ञा ओठांपर्यंत पोहोचते. क्वचित त्या जागी गाठ असते, म्हणून एमआरआय करून घेणे शहाणपणाचे ठरते.

खरी गफलत ताणाविषयी होते. हेमिफेशियल स्पाझमचा रुग्णही हेच सांगतो, की चारचौघांत बोलायला उभे राहिले, घरात वाद झाला किंवा झोप झाली नाही, की आचके वाढतात. त्याचे निरीक्षण बरोबर असते, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मायोकिमियात ताण हे निमित्त असते, म्हणून ताण उतरला की पापणी शांत होते. हेमिफेशियल स्पाझममध्ये मज्जातंतू आधीच उत्तेजित झालेला असतो आणि ताण त्याला केवळ चिथावतो, त्यामुळे महिनाभर गावी जाऊन विश्रांती घेतली, तरी आचके कमी होतील, जाणार नाहीत. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला पहिल्या रुग्णाला उपयोगी पडतो. दुसऱ्याला तो दिला, तर आपल्या आजाराचा दोष आपल्याच स्वभावात आहे, असे त्याला वाटू लागते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो. त्या वयाच्या बाईचा डावा डोळा लवला, तर ती शुभवार्तेची वाट पाहील, उजवा लवला तर देवापुढे दिवा लावील, आणि घरचे लोक दोन्ही वेळा तिला काळजी करू नकोस म्हणतील. दवाखाना या तिन्हींच्या नंतर येतो.

ओळख पटवण्याच्या काही खुणा घरीही पाहता येतात. डोळा आचक्याने मिटत असताना त्याच बाजूची भुवई वर जात असेल, तर ती हेमिफेशियल स्पाझमची महत्त्वाची खूण आहे. आपण मुद्दाम डोळा घट्ट मिटतो तेव्हा भुवई खाली येते, त्यामुळे तो आचका ठरवूनही नीट वठवता येत नाही. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी ही खूण 1905 साली नोंदवली होती. त्या बाजूच्या कानात काहींना टकटक ऐकू येते. याउलट दोन्ही डोळे एकाच वेळी घट्ट मिटू लागले, तर तो ब्लेफरोस्पाझम हा तिसराच विकार असतो. पापणीची थरथर तीन महिन्यांहून अधिक टिकली, गालापर्यंत उतरली, किंवा डोळा लाल होऊन पापणी खाली झुकू लागली, तर थांबू नये.

उपचारांत तर साम्य फारसे नाहीच. मायोकिमियासाठी झोप सुधारणे, चहा-कॉफी कमी करणे आणि डोळे कोरडे पडत असतील तर त्यांची काळजी घेणे बहुधा पुरते. मनानेच मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करण्यात अर्थ नाही. हेमिफेशियल स्पाझमसाठी बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची अगदी लहान मात्रा टोचतात. अमेरिकेत या उपचाराला 1989 साली मान्यता मिळाली. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते, आणि मधल्या काळात कधी पापणी थोडी जड होते. मूळ कारणच दूर करायचे, तर कानामागून शस्त्रक्रिया करून रोहिणी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनची लहानशी गादी ठेवतात. त्यात त्या बाजूची ऐकण्याची शक्ती जाण्याचा थोडा धोका असतो, म्हणून हा निर्णय रुग्णाने न्यूरोसर्जनशी सविस्तर बोलूनच घ्यायचा असतो.

डॉक्टरांपुढे बसल्यावर पापणी नेमकी गप्प राहते, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्यामुळे आचका सुरू असताना मोबाइलवर चेहऱ्याचे अर्धा मिनिट चित्रीकरण करून ठेवावे, आणि जमल्यास घरातल्या कुणाला तरी रात्री आपण गाढ झोपेत असताना चेहऱ्याकडे पाहायला सांगावे, कारण हेमिफेशियल स्पाझमचे आचके झोपेतही दिसू शकतात.