किफायती टॉवर स्पीकर : आवाजाची पारख आणि मोल

टॉवर स्पीकर म्हणजे स्टँडशिवाय थेट जमिनीवर उभा राहणारा, साधारण ३ ते ४ फूट उंचीचा, लाकडी खोक्यातला ध्वनिक्षेपक. दुकानात त्याला ‘फ्लोअरस्टँडर’ही म्हणतात. जोडीला साधारण २५ ते ७५ हजार रुपये पडणाऱ्या स्पीकरांना या नोंदीत किफायती म्हटले आहे. संगीतावर जीव असलेला मध्यमवर्गीय पुणेकर ‘एकदाच घ्यायचे, पण चांगले घ्यायचे’ म्हणून ज्या वर्गाकडे वळतो, तो हाच. या किमतीत खोल खर्ज, मोकळा गळा, लखलखीत टीप आणि भक्कम खोके असे सगळे एका वेळी मिळत नाही. कशावर तरी पाणी सोडावे लागतेच. या नोंदीचे मत असे, की बाकी काहीही सोडावे, गळा, म्हणजे माणसाच्या आवाजाचा खरेपणा, सोडू नये.

रचना : तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना आजही मूळ रूपात तशीच आहे. बहुतेक टॉवरांच्या पाठीवर किंवा पोटावर दिसणारे भोक, म्हणजे पोर्ट, हे अल्बर्ट थुरास यांचे काम. त्यांना त्याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. कोनाच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज वाया न घालवता त्यातून खालचे स्वर उचलून घ्यायचे, ही त्यातली युक्ती. त्यासाठी खोक्याचे आकारमान आणि पोर्टची लांबी किती असावी, याचे गणित पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी बसवून दिले. आज स्वस्त टॉवरही बऱ्यापैकी वाजतो, त्यात या गणिताचा मोठा वाटा आहे.

काटकसर कुठे होते, हे बाहेरून दिसत नाही. वूफर (खालचे स्वर देणारा मोठा कोन) आणि ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा) यांच्यात स्वरांची वाटणी करणारे सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, खोक्याच्या आत असते आणि पहिली कात्री बहुधा तिथेच लागते. दुसरी लागते खोक्याला. टॉवरची बाजूची फळी लांब असते. आतून आडवे आधार दिलेले नसतील, तर ती फळी स्वतःच गाऊ लागते. बोटाच्या पेराने खोक्यावर वरपासून खालपर्यंत टकटक करत जावे. ‘ठक्’ असा कोरडा, बसका आवाज आला तर ठीक. मधल्या भागात माठावर टिचकी मारल्यासारखा घुमला, तर तोच घुमार पुढे प्रत्येक गायकाच्या आवाजात मिसळलेला ऐकू येईल.

कोन किती दिसतात, यावरूनही फसायला होते. पोल्क टी५० या टॉवरवर सारख्या मापाचे तीन मोठे कोन दिसतात. त्यांतला एकच विजेवर चालतो. उरलेले दोन आतल्या हवेच्या दाबाने हलतात आणि पोर्टचे काम करतात. ही रचना सरळ आणि प्रामाणिक आहे. मात्र ‘तीन वूफर’ समजून किंमत मोजणाऱ्याचा हिशोब चुकतो.

गळ्याची कसोटी : माणसाचा आवाज आपण जन्मल्यापासून ऐकत आलो आहोत. त्यातला खोटेपणा ओळखायला कोणतेही शिक्षण लागत नाही. घरातल्या एखाद्या माणसाला वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला लावाव्यात, त्या मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात आणि स्पीकरवर लावाव्यात. आवाज डब्यातून आल्यासारखा, नाकातला किंवा सर्दी झाल्यासारखा वाटला, तर तो स्पीकर बाद. मोबाइलच्या माइकचा थोडा दोष त्यात मिसळतो, पण तीन-चार स्पीकरांवर तेच रेकॉर्डिंग लावले की कोण किती भर घालतो ते कळते.

वूफर आणि ट्वीटर अशा दोनच वाटण्यांच्या स्वस्त स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे सूत्रे जातात ती बहुधा २००० ते ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) दरम्यान. कान सर्वांत तिखट असतो तोही याच पट्ट्याच्या आसपास आणि थोडा वर. त्यामुळे हा सांधा नीट जमला नसेल, तर तो लपत नाही. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात. गायिकेची तान मध्य सप्तकातून तार सप्तकात गेली की आवाज एकदम पातळ होतो, जणू वरचा षड्ज दुसऱ्याच बाईने लावला. तान वर चढताना गळ्याचा आकार तोच राहिला, तर सांधा जमला.

याच ओघात एक साधी गोष्ट. खाली गादीवर बसून गाणे ऐकण्याची आपल्याकडची सवय स्पीकर बनवणाऱ्याने बहुधा गृहीत धरलेली नसते. ट्वीटर साधारण सोफ्यावर बसलेल्याच्या कानाच्या उंचीला असतो. तेव्हा सोफ्यावर बसून, मग जमिनीवर बसून आणि शेवटी उभे राहून तोच तुकडा ऐकावा. थोडा फरक सगळ्यांतच पडतो. खूप पडला, तर तो स्पीकर एकट्या माणसाने एका जागी बसून ऐकण्याचा आहे.

तंबोरा आणि तबला : पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याला ६० हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा स्पीकर पुरतो. त्याखालच्या २०-३० हर्ट्झसाठी मोजलेले पैसे त्याच्या कामी फारसे येत नाहीत. चित्रपट पाहणाऱ्याचा हिशोब अर्थातच निराळा.

तंबोऱ्याची खरी परीक्षा वरच्या बाजूला असते. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली, की एका तारेतून उपस्वरांची पूर्ण झालर उठते आणि हळूहळू रंग बदलत विरत जाते. चांगल्या ट्वीटरवर ती झालर मोजता येईल इतकी सुटी ऐकू येते. वाईट ट्वीटरवर तिची सळसळ होते, पावसात पत्र्यावर वाळू पडावी तशी. नुसता तंबोरा दोन मिनिटे ऐकला तर जे कळते, ते वाद्यवृंदाच्या दहा ध्वनिमुद्रणांतून कळत नाही.

तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, म्हणून तबला इतर बहुतेक ढोलांपेक्षा वेगळा, सुरात बोलणारा. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिले. त्याचा इथे उपयोग असा : ‘ना’ वाजला की त्यात षड्ज ऐकू आला पाहिजे. नुसती ‘टक’ ऐकू आली, तर स्पीकर त्या आघाताचे टोक ठेवतो आहे आणि सूर गिळतो आहे. डग्ग्यावर मनगट दाबत नेलेली मींड ऐकताना स्वर सरकत गेला पाहिजे. स्वर एकाच जागी ‘धुम्म’ होऊन बसत असेल, तर दोष स्पीकरचा असेल किंवा खोलीचा, आणि बहुधा खोलीचाच असतो.

पुण्याच्या श्रोत्याने आणखी एका बाबतीत सावध राहावे. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेकांच्या कानात बसलेला असतो आणि ‘सवाईसारखा आवाज’ हे माप नकळत लावले जाते. पण मंडपात हजारोंपर्यंत पोहोचतो तो आवाजही ध्वनिक्षेपकांमधूनच आलेला असतो. माप घ्यायचे तर घरगुती बैठकीचे घ्यावे, जिथे माइक नसतो आणि गायक दहा फुटांवर बसलेला असतो. पेठांमधल्या वाड्यांत अशा बैठका ज्यांनी ऐकल्या, त्यांच्या कानांवर कोणत्याही परीक्षणापेक्षा जास्त विश्वास ठेवावा.

जुनी नाट्यपदे हा ज्यांचा मुख्य ठेवा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर खोल खर्ज मुळातच उतरलेला नाही. विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले १९२५ च्या सुमारास; त्याआधीच्या तबकड्यांचा पट्टा तर फारच अरुंद. मोठा टॉवर अशा ध्वनिमुद्रणात गाण्याची भर घालू शकत नाही. यंत्राची घरघर मात्र तो मोठी करून ऐकवतो.

खोली : टॉवरचे मोल दुकानात ठरत नाही, ते घरच्या भिंती ठरवतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट बरोबर बसते, तो स्वर तिथे फुगतो. १० फुटांसाठी तो सुमारे ५६ हर्ट्झ, १२ फुटांसाठी सुमारे ४७ हर्ट्झ, आणि त्यांच्या दुपटींवर पुन्हा. कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली घ्या. छतही जवळपास १० फुटांवर असेल, तर ५६ हर्ट्झचे दोन अनुनाद एकावर एक चढतात. दुपटीचे ९४ आणि ११२ हर्ट्झ हे डग्ग्याच्या वावरातच येतात. डग्गा एका स्वरावर ‘बसतो’ तो यामुळे.

त्यात आपली मांडणी भर घालते. टीव्ही युनिट आणि भिंत यांच्या फटीत टॉवर कोंबला जातो, सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. भिंतीलगत खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात आणखी वाढतात. आणि ऐकणाऱ्याचे डोकेही भिंतीला टेकलेले असेल, तर फुगलेला स्वर त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो. टॉवर भिंतीपासून दीड-दोन फूट आणि सोफा फूट-दीड फूट पुढे घेतला, तर एक रुपयाही खर्च न करता पुढच्या किंमतगटातला स्पीकर आणल्याइतका फरक पडू शकतो. तेवढी जागा नसेल तर पाठीकडे पोर्ट असलेला टॉवर घेऊच नये. घेऊन झाला असेल तर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा किंवा जाड मोजा घालून पाहावा.

दगडी भिंती, लाकडी तक्तपोशी आणि सामानाने भरलेली माजघरे यांमुळे वाड्यात आवाज मऊ पडायचा. नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर तो थडकून परत येतो. टाळी वाजवून पाहावी. मागे ‘झिंऽऽ’ अशी शेपटी उरली, तर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी घालावी. समोरच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट किंवा टांगलेली गोधडी हा उत्तम उपाय आहे. वरच्या पट्ट्यावर त्याचा गुण येतो. खालच्या फुगवट्यावर सतरंजीचा काही परिणाम होत नाही; तिथे जागा बदलणे हाच इलाज.

आकडे : संवेदनशीलता म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर मिळणारी पातळी. ओहम हे स्पीकर विजेला किती अडवतो याचे माप; आठ ओहमच्या स्पीकरसाठी २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. ८७ आणि ९० डेसिबल यांत तीनचाच फरक दिसतो, पण तेवढ्यासाठी ॲम्प्लिफायरला दुप्पट वॅट द्यावे लागतात. तरी १० बाय १२ च्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात, तान किंवा तिहाईच्या टोकाला काही क्षण कित्येक पट जास्त लागतात. चांगल्या ४०-५० वॅटमध्ये हे सारे निभते. ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारोंचे आकडे विचारातच घेऊ नयेत; आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट पाहावेत. स्पीकर चार ओहमचा असेल, तर आपला ॲम्प्लिफायर तो ओढू शकतो का, ते आधी विचारावे.

शेजार हाही एक आकडा आहे. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नोकरदार माणूस ऐकतो ते मुख्यतः रात्री, हळू आवाजात. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून खरेदीच्या वेळी आवाज रात्रीच्या पातळीवर आणून ऐकणे अत्यंत आवश्यक आहे. दुकानात जोरात लावून भारी वाटणारे अनेक टॉवर तिथे निस्तेज पडतात.

दुकानातले ऐकणे : पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार असो, तपकीर गल्ली असो की वातानुकूलित डेमो रूम, मोठ्याने वाजणारा स्पीकर चांगला वाटतो हे सगळीकडे खरे. दोन स्पीकरांची तुलना करताना मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने दोघांची पातळी सारखी करून घ्यावी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. विक्रेत्याने लावलेले गाणे नम्रपणे बाजूला ठेवावे आणि ‘दादा, माझ्या पेन ड्राइव्हवरचे लावता का?’ असे विचारावे. चांगला विक्रेता आनंदाने लावतो.

डोळ्यांचा कानांवर किती ताबा असतो, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्यामागून ऐकून दिलेले गुण जुळेनात. दिसणे, आकार आणि किंमत गुण बदलत होते. घरी दोन जोड्या ऐकायची संधी मिळाली, तर जुन्या सुती साडीचा पडदा टांगावा आणि अदलाबदल दुसऱ्या कुणाकडून करवून घ्यावी.

मोल : त्याच पैशात मिळणाऱ्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये खोक्यावरचा खर्च कमी आणि कोन-क्रॉसओव्हरवरचा जास्त असतो. म्हणून १० बाय १२ च्या खोलीत, मुख्यतः गायन ऐकणाऱ्याने बुकशेल्फच घ्यावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. मात्र चांगल्या स्टँडची किंमत हिशोबात धरावी आणि स्टँडवर तो टॉवरइतकीच जमीन अडवतो हेही लक्षात ठेवावे. हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असलेल्या लांब जागेत मात्र टॉवर आपली किंमत वसूल करतो. तिथे छोटा स्पीकर दमतो, आणि दमलेला स्पीकर गळा बिघडवतो.

वापरलेला टॉवर हा खरा किफायती मार्ग होऊ शकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार-रविवारी, एखादी चांगली जोडी हाती लागू शकते. कोनाच्या कडेची पट्टी रबराची आहे की फोमची, हे पाहावे. दमट हवेत फोम काही वर्षांत चिकट होतो आणि बोट लावले की भुगा पडतो. रबर दीर्घकाळ टिकते. मग चार बोटे पसरून कोन सारख्या दाबाने हलकेच आत लोटावा आणि कान जवळ न्यावा. खरखर ऐकू आली, तर वेटोळे फटीत घासते आहे. ती दुरुस्ती धरूनच भाव करावा. दोन्ही स्पीकरांचे ट्वीटर चालतात का, हे एकेका स्पीकरला कान लावून स्वतंत्र तपासावे. एकाचा ट्वीटर बंद असला, तरी बाजाराच्या गोंगाटात जोडी ठीकच वाटते.