ऊतीचा नमुना आमच्याकडे पाठवण्यापूर्वी

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ऊतीतील मेटाबोलाइट मोजतो. मेटाबोलाइट म्हणजे ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्ले, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) असे लहान रेणू. यंत्र कितीही संवेदनशील असले तरी ते मोजते नमुना गोठला त्या क्षणाची स्थिती. रक्तपुरवठा तुटला तरी पेशीतली एन्झाइम्स काम करतच राहतात. प्राणवायू संपतो, एटीपी भराभर घटते, ग्लुकोज खर्ची पडते आणि लॅक्टेट साठते. मेंदूत तर हा बदल मिनिटभराच्या आतच दिसू लागतो. एटीपी मोडत मोडत पुढे इनोसिन आणि हायपोझँथिन तयार होतात. ही दोन्ही वाढलेली दिसली की आम्ही आधी विचारतो, ऊती काढल्यापासून गोठेपर्यंत किती वेळ गेला?

म्हणून ट्यूबवर लेबले लावून, द्रव नायट्रोजन हाताशी घेऊनच काम सुरू करा. तुकडा लहान आणि पातळ हवा. जाड तुकडा बाहेरून कडक होतो, पण आत विघटन चालूच राहते. शिवाय द्रव नायट्रोजनमध्ये टाकलेल्या ऊतीभोवती वायूचा थर तयार होतो आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार केलेल्या धातूच्या चिमट्यात ऊती दाबली, तर ती चपटी होऊन जवळपास तत्काळ गोठते. जमत असेल तिथे हीच पद्धत वापरा. रक्त धुवायचे असल्यास बर्फासारखे थंड सलाइन वापरा आणि चटकन टिपून घ्या; फॉस्फेट बफर मात्र नको, त्याचे क्षार मास स्पेक्ट्रोमीटरला (वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या आमच्या यंत्राला) त्रास देतात.

सगळ्या नमुन्यांना सारखी वागणूक मिळावी, याबद्दल आम्ही फार आग्रही आहोत. प्रयोगातल्या प्राण्यांचा एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी घेतला, तर दिसणारा फरक औषधाचा की वेळेचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. गटांचे प्राणी आलटूनपालटून घ्या. उपाशी ठेवण्याचा काळ, भूल देण्याचे औषध, यकृत घेत असाल तर त्याचा खंड, हे सगळे एकच असू द्या. काही भुलीच्या औषधांनी रक्तातली साखर वाढते.

साठवण उणे ८० अंश सेल्सिअसला करा. उणे २० ला एन्झाइम्सची हालचाल मंदावते, पूर्ण थांबत नाही. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवू नका. वेगवेगळ्या तपासण्यांसाठी लागणारे भाग सुरुवातीलाच वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा आणि वजन गोठलेल्या अवस्थेतच करा. फॉर्मॅलिनमधली ऊती या तपासणीला चालत नाही. काप घेण्यासाठी वापरतात त्या ओसीटी जेलमधली ऊतीही पाठवू नका. त्यातल्या पॉलिमरमुळे नमुन्यातले संकेत झाकले जातात.

पाठवताना भरपूर ड्राय आइस घाला, पण खोका हवाबंद करू नका. आतल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. प्रत्येक नमुन्यासोबत काढल्याची आणि गोठवल्याची वेळ लिहून द्या. तशीच ट्यूब आणि तेच द्रावण, पण ऊती नसलेला एक कोरा नमुनाही जोडा, म्हणजे प्लास्टिकमधून आलेले पदार्थ आम्हाला वेगळे काढता येतील. प्रयोगाची आखणी चालू असतानाच आम्हाला फोन केलात, तर तुमच्या ऊतीला नेमकी कोणती पद्धत सोयीची ते एकत्र ठरवू.