श्पायखरश्टाट आणि हाफेनसिटी: हॅम्बुर्गला गेलात तर एवढी गल्लत टाळा

श्पायखरश्टाट म्हणजे जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातला गोदामांचा भाग आणि हाफेनसिटी म्हणजे त्याला लागूनच बंदराच्या जमिनीवर वसवलेली वस्ती. लाल विटांच्या गोदामांचा फोटो आणि खाली लिहिलंय हाफेनसिटी, नाहीतर एल्बफिलहार्मोनी ह्या काचेच्या संगीत सभागृहाचा फोटो आणि खाली श्पायखरश्टाट, हे इतक्यांदा बघितलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. लोकांचीही फार चूक नाही म्हणा, दोन्ही एकमेकांना खेटून आहेत, दोन्हीकडे पाणी, पूल आणि विटा, आणि त्यात 2008 साली हाफेनसिटी नावाचा वेगळा प्रभाग झाला तेव्हा श्पायखरश्टाटही त्याच्यातच टाकलं. म्हणजे कागदावर श्पायखरश्टाट हाफेनसिटीतच येतं, पण प्रत्यक्षात तिथे फिरणारा कुणीही ह्या दोघांना एक म्हणणार नाही.

साधारणपणे सांगतात की जुनं ते श्पायखरश्टाट आणि नवं ते हाफेनसिटी. ऐकायला सोपं आहे, पण तिथे गेलात की फसता. ह्या भागातलं सगळ्यात जुनं गोदाम, कायश्पायखर बी, 1879 चं आहे आणि ते हाफेनसिटीत आहे, आता त्यात जहाजांचं मोठं म्युझियम आहे. श्पायखरश्टाटचं काम सुरू झालं 1883 ला, म्हणजे त्यानंतर. उलट श्पायखरश्टाटचा जवळपास निम्मा भाग दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेला होता, त्यामुळे आज दिसतं त्यातलं बरंच काही युद्धानंतर उभं केलेलं आहे, ते काम वेर्नर कालमोर्गेन ह्या आर्किटेक्टकडे होतं. गंमत म्हणजे एल्बफिलहार्मोनीच्या काचेखाली जो विटांचा दणकट ठोकळा दिसतो ना, तोही ह्याच माणसाचा, 1960 च्या दशकातलं कोको, चहा, तंबाखूचं गोदाम. त्यामुळे वीट दिसली की श्पायखरश्टाट हा हिशोब चालतच नाही.

मग ओळखायचं कसं? मी म्हणेन जमिनीची उंची बघा आणि माणसं राहतात का ते बघा.

आधी उंची. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब असला तरी एल्ब नदीला भरती-ओहोटी आहे आणि पाणी रोज साडेतीन मीटरच्या वर खालीवर होतं. श्पायखरश्टाट ह्या पाण्याच्या हिशोबानेच बांधलंय, ओकच्या लाकडी खांबांवर, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला थेट कालवा, म्हणजे होडी भिंतीला लागायची आणि वर छपराच्या टोकाला असलेल्या कप्पीने कॉफीची पोती सरळ हव्या त्या मजल्यावर ओढून घ्यायची. मान वर करून बघा, त्या कप्प्यांवरची हिरवट तांब्याची टोपरी अजून दिसतात. पण मोठं वादळ आलं की इथले सखल रस्ते पाण्यात जातात, डिसेंबर 2013 मध्ये पाणी सहा मीटरच्या वर चढलं होतं.

हाफेनसिटीत ह्याच्या उलट केलंय. आपल्याकडे पाणी भरणाऱ्या गावात घराचं जोतं उंच घेतात ना, तसं इथे अख्ख्या वस्तीचंच जोतं उंच घेतलंय, समुद्रसपाटीपासून साधारण आठ-नऊ मीटर. बंधारा घातला असता तर नदी दिसलीच नसती, म्हणून इमारती उंचावर आणि पाण्यालगतचे चालायचे रस्ते मुद्दाम खाली ठेवलेत, ते बुडाले तरी चालतील. पाण्याच्या कडेने चालताना इमारतींच्या तळाशी जाडजूड लोखंडी दारं दिसतात, पाणी यायच्या आधी लावून घ्यायची. मला विचाराल तर अख्ख्या हाफेनसिटीत बघण्यासारखी गोष्ट ही दारं आहेत, पण सगळे एल्बफिलहार्मोनीकडे मान वर करून चाललेले असतात. दोन्ही भागांना जोडणारा किबेलश्टेग नावाचा उंच पूल आहे, तोही नुसता सेल्फीसाठी नाही, पूर आला की लोकांना शहरात जाता यावं आणि अग्निशमनच्या गाड्या आत येता याव्यात म्हणून तेवढा उंच आणि भक्कम.

आता माणसांचं. श्पायखरश्टाट बघून सगळे म्हणतात काय सुंदर, काय वारसा, 2015 पासून युनेस्कोच्या यादीतही आहे, पण ते बांधण्यासाठी तिथली चालतीबोलती वस्ती पाडली होती. हॅम्बुर्ग जर्मनीच्या कस्टम्सच्या हद्दीत सामील होणार होतं, 1888 ची मुदत होती, आणि व्यापाऱ्यांना विनाशुल्क माल ठेवायला वेगळी जागा हवी होती, म्हणून केअरवीडर आणि वांडराम ह्या बेटांवरच्या सुमारे वीस हजार लोकांना उठवलं, बंदरावरचे मजूर आणि श्रीमंत व्यापारी दोन्ही त्यात आले. ऑक्टोबर 1888 मध्ये कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, येऊन उद्घाटन केलं. आजही तिथे जवळजवळ कुणी राहत नाही, ऑफिसं आहेत, कॉफी आहे, गालिच्यांचे थोडे व्यापारी अजून टिकून आहेत, मिनियातुर वुंडरलांड ह्या छोट्या रेल्वे-मॉडेलांच्या प्रदर्शनाची न संपणारी रांग आहे, पण कुणाच्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत.

हाफेनसिटीला लोक नावं ठेवतात, काचेची आहे, महागडी आहे, वारा फार, झाडं कमी, आणि ह्यातलं बरंचसं खरंही आहे. पण हिच्यासाठी वस्ती उठवावी लागली नाही, कारण ती बंदराचीच जमीन होती. कंटेनरची जहाजं आली, त्यांना खोल पाणी आणि मोठी मैदानं लागतात, सगळा धंदा नदीच्या पलीकडे गेला आणि इकडचे जुने धक्के ओस पडले. 1997 ला योजना जाहीर झाली, 2000 ला मास्टरप्लॅन, एकूण 157 हेक्टर, आणि ठरवून घरं, शाळा, युनिव्हर्सिटी, ऑफिसं सगळं मिसळून. म्हणजे ज्याला आपण वारसा म्हणतो त्याने माणसं हाकलली आणि ज्याला बिल्डरचं काम म्हणून नाकं मुरडतो तिथे संध्याकाळी पोरं बास्केटबॉल खेळताना दिसतात. एल्बफिलहार्मोनीचा खर्च मात्र माफ करण्यासारखा नाही, शहराने आधी 77 मिलियन युरोचा अंदाज सांगितला आणि 2017 ला उघडेपर्यंत शहराचा वाटा 789 वर गेला, पण तो वेगळाच विषय.

आणि एक, हाफेनसिटीत लोझेपार्क आहे, तिथे थांबाच. हानोवर स्टेशन इथे होतं, 1940 ते 1945 मध्ये नाझींनी आठ हजारांहून जास्त ज्यू, सिंती आणि रोमा लोकांना इथून गाड्यांत भरून छळछावण्यांकडे आणि घेट्टोंकडे पाठवलं. जुन्या फलाटाचा उरलेला भाग आणि नावांच्या पाट्या आहेत. टूरवाले इथे फारसे आणत नाहीत.

जायचं कसं म्हणाल तर श्पायखरश्टाटसाठी मेट्रोच्या यू-1 ने मेसबर्ग किंवा यू-3 ने बाउमवाल स्टेशन, हाफेनसिटीसाठी यू-4. नव्या मॉलसाठी यू-4 च्या युबरझेक्वार्टियरला उतरून तिथूनच परत येणारे बरेच आहेत, त्यांनी दोन्हींपैकी काहीच बघितलेलं नसतं. आम झांडटोअरकाय ह्या रस्त्यावर मधोमध उभं राहिलात तर एका हाताला श्पायखरश्टाट, दुसऱ्या हाताला हाफेनसिटी. एल्बफिलहार्मोनीच्या प्लाझावर, म्हणजे काच आणि विटांच्या मधल्या सज्जावर, जायला कॉन्सर्टचं तिकीट लागत नाही, आणि लांडुंग्सब्र्युकेन ह्या धक्क्याहून तिथे येणारी 72 नंबरची फेरीबोट साध्या शहर तिकिटावर चालते. श्पायखरश्टाट होडीतून बघायचं असेल तर आधी भरतीची वेळ बघा, ओहोटीला त्या कालव्यांत नुसता चिखल असतो आणि होडीवाले दुसऱ्याच बाजूने फिरवून आणतात.